पेशीतला कंडक्टर

कॉलेजच्या लॅबमध्ये प्रयोग जमो वा फसो, किस्सा दोन्ही वेळा होतोच. म्हणून निष्कर्ष थोडे आणि किस्से ढीगभर! मी स्कॉटलंडमध्ये शिकून गोव्यात डिचोलीला परतले ती एकाच हट्टाने: इथल्या मुलांना जिवंत पेशी दाखवायची. पहिल्याच वर्षी किस्से इतके साठले, की जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणी आता म्हणतात, "आधी भात खा, मग बोल!"

*

माझा जीव की प्राण म्हणजे रॅब नावाची इवलीशी प्रोटीनं. पेशीच्या आत मालाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या सतत ये-जा करतात. कुठल्या पिशवीने कुठे जायचं, कुणात मिसळायचं, हे रॅब ठरवतात. जीटीपी नावाचा रेणू चिकटलेला असेल तोवर रॅब कामावर. त्याचा जीडीपी झाला की सुट्टीवर. पहिल्या तासाला हे मी अगदी तळमळून सांगितलं. वर्ग थंड!

शेवटी पहिल्या बाकावरचा मुळगावचा दामू म्हणाला, "टीचर, म्हणजे हा बसचा कंडक्टर. गाडी ड्रायव्हर चालवतो, पण कुठे थांबायचं ते हा सांगतो."

"आणि जीटीपी?"

"शिट्टी! तोंडात आहे तोवर कंडक्टर. खिशात गेली की तोही आपल्यासारखा पॅसेंजर!"

मी फळ्यावरच्या आकृत्या पुसल्या आणि बस काढली.

*

दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या बसमध्ये कंडक्टर "फुडें वच, फुडें वच!" करत माझ्यापर्यंत आला. मला राहवेना. म्हटलं, "तुमच्यासारखा एकेक कंडक्टर आपल्या प्रत्येक पेशीत असतो. तो नसला तर सगळं अडतं."

त्याने तिकीट फाडता फाडता विचार केला. "आनी ड्रायव्हर?"

"तो नुसता चालवतो."

त्याने ड्रायव्हरकडे बोट केलं. "मातशें मोठ्यान सांग गे बाय, ताका आयकूं येवंदी!"

*

शिट्टीवर वर्ग हसला होता त्या दिवशी दामू मात्र तास संपल्यावर मागे थांबला. "टीचर, माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हेच रॅबचं नाव घेतलं होतं."

रॅबना तयार करून कामावर धाडणारं एक प्रोटीन असतं. दामूच्या शरीरात ते बनतच नाही, आणि त्याची झळ डोळ्यांना बसते. हा दोष आईकडून मुलग्याकडे येतो. काळोखात त्याला लहानपणापासूनच दिसत नाही. आता उजेडातही नजर कडांकडून मिटत चालली आहे. पेडण्याच्या त्याच्या मामाची तर पूर्ण गेली.

मी समजावत राहिले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "समजलं. गाडी आहे, ड्रायव्हर आहे, कंडक्टरला झोपेतून कोण उठवतच नाही!"

मग तो म्हणाला, "टीचर, एकदा मला ती पिशवी चालताना बघायचीय. दिसतंय तोवर."

*

म्हणून आम्ही पॅरामिशियम पाळले. हा साचलेल्या पाण्यातला एकपेशी जीव. लाल रंगात उकळलेलं यीस्ट त्याला खायला घातलं की पोटात लाल पिशव्या तयार होतात. मग आम्लाच्या पिशव्या त्यांना येऊन मिळतात आणि लालाचं निळं होतं. साध्या मायक्रोस्कोपमध्ये, भरपूर उजेडात दिसतं! दामूला हवं होतं तेच. यीस्ट भट्टीवाल्या पोदेराने पावाबरोबर फुकट दिलं.

दामूने घरी बरणीत शेताचं पाणी आणि पेंढा घालून ठेवला. एका सकाळी बघतो तर बरणी लख्ख! आईने घासून उन्हात पालथी घातलेली. तो मला फोनवर हसत हसत सांगत होता, तेवढ्यात आईनेच फोन घेतला. "बाय, त्या पाण्याक घाण मारी होती, मिया ओतून टाकलंय. माझ्याकडसून तेका सगळा वायटच गावता गे!"

बरणीबद्दल ती बोलत नव्हती. मागून दामूचा आवाज आला, "सगळा नाय गे आई! नाक बरा दिलंस मगे!"

त्यानंतर आईच शेताचं पाणी आणून देऊ लागली. आमच्या लॅबमध्ये बाटल्या ठेवायला जागा उरली नाही!

*

वर्गातला शिरगावचा देवू धोंड आहे, म्हणजे लईराई देवीच्या जत्रेचं व्रत धरणारा. नेमक्या व्रताच्या दिवसांत यीस्ट उकळायची त्याची पाळी आली.

"जीव उकळायचा नाही, टीचर. व्रतात आहे."

"अरे, पावातही यीस्टच असतं!"

"म्हणून तर व्रतात पाव बंद!"

"मग तुझ्या पॅरामिशियमनी खायचं काय?"

"माझ्याबरोबर त्यांचाही उपास!"

जत्रा झाली. बाकीच्यांचे पॅरामिशियम खाऊन खाऊन गढूळ झालेले. देवूचे काचेसारखे स्वच्छ. यीस्टचा थेंब पडला मात्र, तुटून पडले! वर्गाने लगेच ठराव केला: पुढच्या वर्षी समस्त पॅरामिशियमनी व्रत धरायचं.

*

देवूच्याच स्लाइडवर दामू बसला. पॅरामिशियम सुसाट पळत, त्याच्या अरुंद नजरेतून निसटून जात. देवूने कापसाचे धागे पसरून त्यांना अडवलं. आम्ही सगळे भोवती उभे.

"लाल... अजून लाल... टीचर, निळी झाली! चाललीय बघा, चाललीय!"

मग दामू उठला तो थेट दाराकडे गेला. तिथे आई पाण्याची बाटली घेऊन उभी होती. आत यायला ती नेहमीच संकोचायची.

"ये, बघ."

तिने चपला दाराबाहेर काढल्या, पदराने हात पुसले आणि एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला.

"अरे, मधीच वायच दिसता. भोवतीन सगळो काळोख कित्याक?"



"तसाच असता गे आई," दामू म्हणाला. "तू मधी बघ."

ती बघत राहिली. डोळा न उचलता तिने हात मागे नेला आणि चाचपत त्याचं मनगट धरलं.

"किती बरा दिसता रे!"