त्रांगमध्ये वाढवून मिळालेला महिना

मांडवीच्या घराला कुलूप लावताना शेजारीण म्हणाली, "एकटीच थायलंडला? मजा आहे तुमची."

माझा मोठा भाऊ, दादा, जहाजावर कामाला होता. लग्न करून तो तिकडेच त्रांगजवळच्या किनाऱ्यावर राहिला. त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि थाई बोलणंच गेलं. तोंडातून फक्त मराठी यायची, ती तिथे कुणालाच कळत नव्हती. म्हणून त्याच्या बायकोने, नोईने, मला बोलावलं.

हायवेवरच्या हातखंब्याहून मुंबईची बस, तिथून बँकॉक, पुढे त्रांगचं छोटं विमान. मी गेले तेव्हा आपल्या लोकांना फिरण्यासाठी दोन महिने व्हिसा लागत नव्हता. नियम बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. जेवणाची काळजी नको. भात आणि हळद घातलेली माशाची आंबट आमटी, तीही कोकमासारख्या वाळवलेल्या फोडींची.

दादा म्हणायचा, "कुशीवर वळव", "पंखा नको". ते मी मोडक्या इंग्रजीत नोईवहिनीला सांगायचे. ती खाणावळ चालवायला गेली की दादा झोपायचा आणि मी ओसरीवर बसायचे. रस्त्याने लोक जायचे, हसायचे, पुढे जायचे. कधीकधी दिवसभरात माझा स्वतःचा असा एक शब्द बोलून होत नसे.

दोन महिने संपत आले, दादा अजून अंथरुणातच. मुदत संपायच्या आधी ती वाढवून घ्यायला मी आणि नोईवहिनी इमिग्रेशनच्या कार्यालयात गेलो. पासपोर्टच्या प्रती, फोटो आणि फी न्यावी लागते. ज्यांच्या घरी राहता त्यांनी तुमची नोंद तिथे आधीच केलेली हवी, आमची होती.

अधिकारी बाईंनी विचारलं, "इथे काय काय पाहिलंत?"

बेटं, गुहा, काहीच पाहिलं नव्हतं. "भावाचं घर," मी म्हटलं.

नोईवहिनीने थाईत बरंच काही सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एका महिन्याचा शिक्का मारला. नाही म्हणाल्या असत्या तर काय, हा विचार मला बाहेर आल्यावर सुचला.

घरी पोचल्यावर वहिनी दादाजवळ बसली आणि मला म्हणाली, "त्याला विचार, मी कोण ते आठवतं का?" थाईबरोबर तो आपल्यालाही विसरला असेल या भीतीने इतके दिवस तिची विचारायची हिंमत झाली नव्हती.

मी विचारलं. दादा माझ्यावरच रागावला. "माझी बायको गो ती. हिचं सगळं बोलणं कळतंय मला, तोंडातून येत नाही एवढंच. सांग तिला."

मी सांगितलं. वहिनी त्याच्या हातावर डोकं टेकून रडली. मग बोलायला लागली, थाईत, भरभर, संध्याकाळपर्यंत. दादा मान हलवत होता. मी चहा केला, ठेवला आणि बाहेर येऊन बसले.

उरलेल्या महिन्यात मी वहिनीला लागतील तेवढे मराठी शब्द शिकवले. निरोप घेताना दादाने माझा हात बराच वेळ सोडला नाही. विमानात शेजारी एक पुण्याचं जोडपं होतं. बेटांचे फोटो दाखवत त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठे कुठे फिरलात?" मी झोपेचं सोंग घेतलं.

आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. काल दादा काहीतरी पुटपुटला, वहिनी थाईत काही म्हणाली आणि दोघं हसत सुटली. इकडे मांडवीला मी फोन धरून बसले होते. काय झालं ते मला सांगायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.