दाजींचे ऊन हात

चेहरा दुसऱ्या दिवशी विसरायचा आणि पोट मात्र जन्मभर ध्यानात ठेवायचं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आम्ही शहापूरचे विणकर. दाजी वडगावच्या विणकराच्याच घरातले, पण बापाने मागावर न बसवता मुंबईला डॉक्टरकी शिकायला धाडलेले. शिकून आल्यावर त्यांनी निपाणीला दवाखाना घातला. सगळं गाव तंबाखूच्या धुळीनं शिंकत आणि खोकत असताना दाजी छातीची नळी खुंटीला टांगून ठेवत आणि येईल त्याला आधी बाकावर उताणा पाडत. "खोकला कुठं पळून जातोय? पोट बगू दे आदी," म्हणत. एकदा भर बाजारात एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं त्यांना हात जोडले. दाजी कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहिले. व्यापारी दुखावला. "अहो डॉक्टर, गेला पावसाळाभर तुमचं औषध घेतलं की मी!" तरी ओळख पटेना. शेवटी दाजींनी तिथंच, पानाच्या दुकानासमोर, त्याच्या कोटाखाली डाव्या बरगडीशी, प्लीहेवर हात घातला आणि त्यांचा चेहरा उजळला. "पानथरी! तुमी पानथरी न्हवं का? असं सांगायचं की मग. लई उतरलीय आता." व्यापाऱ्याला रागवावं की पेढे वाटावेत ते कळेना.

पोटाला हात लावण्याचा त्यांचा एक विधी होता. बाकाशेजारी बारा महिने निखाऱ्यांची शेगडी असायची. तिच्यावर दोन्ही हात धरायचे, उलटेपालटे शेकायचे, स्वतःच्या गालाला लावून बघायचे आणि मगच रोग्याला शिवायचं. मे महिन्यात निपाणीचे पत्रे तापलेले असत, रोगी घामानं भिजलेला असे, आणि डॉक्टर आपले शेगडीवर हात धरून बसलेले. नवखी माणसं समजत, तापकरी हाच आहे, आपण उगाच आलो. दाजींचं म्हणणं असं, की थंड हात लागला की पोट दार लावून घेतं. "मग भाईर हुबं राहून किती बी हाका मारा, आतलं कोण वो देत न्हाय." प्रवासात शेगडी नसली तर ते हात काखेत धरून बसत. गुंजीला एका लग्नाहून परतताना ते असेच स्टेशनावर काखेत हात घालून बसलेले आणि स्टेशनमास्तर समोरच्या बाकावर उताणे. गाडी आली, उभी राहिली आणि निघेचना. गार्ड शिट्ट्या फुंकून दमला. हिरवं निशाण ज्यानं दाखवायचं तोच डोळे मिटून पोट सैल सोडून पडला होता, आणि दाजी त्याला सांगत होते, "श्वास घ्या. सोडा. गाडीची काळजी करू नगा, ती काय तुमाला सोडून जात न्हाय."

बोटांची तालीम ते घरी करत. आक्का चपातीच्या कणकेचे गोळे करून ताटात मांडी, त्यातल्या एकात कच्चा हरभरा दडवी आणि वरून जाड फडकं टाकी. दाजी फडक्यावरून गोळे चाचपत आणि हरभऱ्याचा गोळा बरोबर काढत. आक्काला या खेळाचा मनापासून कंटाळा होता, पण खेळ झाल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. एकदा ती हरभरा काढायला विसरली आणि पाहुणा म्हणून आलेल्या मामलेदार कचेरीतल्या एका कारकुनाची दाढ त्याच्यावर आपटली. दाजींनी त्याच्या दाढेकडे बघितलंसुद्धा नाही. पुढची चपाती तो कसा गिळतो, तेच टक लावून बघत राहिले. पंगतीतला त्यांचा हाच उद्योग असे. कोण घास घेऊन थांबतो, कोण पाणी पिऊन उतरवतो, कोण अर्ध्यावर उठतो, हे सगळं त्यांना वर्षानुवर्षं पाठ. आणि तपासून झाल्यावर पोटात काही सापडलं नाही, की "काय न्हाय" असं इतक्या हिरमुसल्या आवाजात सांगत, की निरोगी माणसाला आपण डॉक्टरांचा अपमान केल्यासारखं वाटावं.

आमच्या सगळ्या गोतावळ्यात त्यांचा हात न लागलेलं पोट एकच होतं, ते माझं. "मला गुदगुल्या होतात," असं मी सांगत असे. दाजी म्हणत, "मेव्हणं, गुदगुल्या गरीब पोटाचं लक्षण हाय. श्रीमंत पोट लपून बसतं." सगळे हसत, मीही हसत असे. मी मुळात कमी बोलणारा माणूस. आज पन्नाशीला आल्यावर लिहायला हरकत नाही: गुदगुल्यांची गोष्ट खोटी होती. माझ्या पोटात वरच्या अंगाला, डावीकडे, एक घट्ट गोळा होता आणि तो मला कुणाला दाखवायचा नव्हता. खड्ड्यातल्या मागावर बसलं, की विणलेलं कापड ज्यावर गुंडाळतात ते लाकूड पोटाला येऊन टेकतं. आयुष्यभर त्यावर रेललेल्या माणसाच्या पोटाला तिथं घट्टा पडतो. आमच्यात तो भूषणाचा. माझे वडील, आबा, त्यावर टिचकी मारून म्हणायचे, "ह्यो बग, मागानं दिलेला शिक्का." मला वाटलं, मलाही शिक्का मिळाला. तो वर्षागणिक मोठा होत गेला, तेव्हा मनातून थोडा अभिमानच वाटला. शौचाला अधूनमधून डांबरासारखं काळं होई, तेही मी पोटात ठेवलं. कारण दाजी ही चौकशी भरल्या पंगतीत मोठ्यानं करत, आणि रंगासकट करत.

एका दिवाळीत निपाणीला आक्काच्या अंगणात मी उभ्या उभ्या कोसळलो. नंतर कळलं ते असं, की एकजण पाणी घेऊन धावला, एकानं कांदा फोडून नाकाला धरला, आक्का रडायला लागली आणि दाजी एकटेच ओरडत होते, "शेगडी आणा रं, शेगडी!" मी डोळे उघडले तेव्हा त्यांचा ऊन हात माझ्या पोटावर होता. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी शेतात गुप्तधन सापडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरच कल्पू शकतो. मग हळूहळू, हे पोट कुणाचं आहे ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. आनंद उतरला. हात मात्र तिथंच राहिला.

"ह्ये कवापासनं?"

"ते मागाचं आहे, दाजी. आमच्या आबांनाही होतं."

"माझ्या बाबालाबी हुतं. त्यो घट्टा कातड्यात असतो, मेव्हणं. चिमटीत धरला की कातड्यासंगट वर येतो." त्यांनी माझ्या पोटाची कातडी चिमटीत धरून उचलली. नुसती कातडीच आली. "ह्ये बगा. ह्ये खाली हाय, आन् श्वासासंगट खालवर हुतंय. मागाचा शिक्का श्वास घेत न्हाय." मग आवाज खाली आणून, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "काळं हुतं न्हवं?"

मी मान हलवली. आक्का म्हणाली, "दत्तू, अरं सांगायचं न्हाय व्हय रं?"

दाजींनी दवाखाना बंद केला आणि मला घेऊन मिरजेला गेले. तिथले सर्जनसाहेब फार मोठे. त्यांनी मला चुन्यासारखा पांढरा लगदा पाजून पोटाचा फोटो काढला, माझ्या पांढऱ्या नखांकडे बघितलं आणि दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, की जठराचा कर्करोग आहे, गोळा एवढा वाढल्यावर सुरी लावण्यात अर्थ नाही, घरी न्या. दार उघडं होतं. मी सगळं ऐकलं. मग दाजींनी सुरुवात केली. माझं गेल्या कित्येक सणांचं जेवण त्यांनी त्या साहेबांना वाढून दाखवलं. दसऱ्याला किती कडाकण्या, बेंदराला किती पुरणपोळ्या, वर दूध किती, भातावर तूप पुन्हा कुणाकडून मागून घेतलं. "साहेब, कर्करोगाचा माणूस घासाला भितो. मटणाचं नाव काढलं की तोंड फिरवतो. ह्यो गडी परवापर्यंत तांबडा रस्सा भुरकत हुता, माझ्या डोळ्यांदेखत. गोळा नारळाएवढा आन् भूक जाग्यावर. म्हणजे आतली वाट मोकळी हाय. ह्ये अस्तराचं न्हवं, त्याच्या खालच्या मांसाचं हाय. भाईरच्या अंगाला वाढलंय, लोंबतंय. माझ्या हाताखाली सरकतंय. एकदा उघडून बगा." मी पडल्या पडल्या शरमेनं अर्धा झालो. आपल्या जिवाची वकिली आपल्या खादाडपणावर चाललेली ऐकणं ही काही सोपी गोष्ट नाही.

साहेबांनी पुन्हा येऊन माझं पोट चाचपलं. त्यांचा हात कडीसारखा थंड होता. पण त्यांनी बराच वेळ चाचपलं आणि उघडायचं ठरवलं. दाजी म्हणाले तसंच निघालं: जठराच्या भिंतीतून बाहेर वाढलेला, देठाला धरून लोंबणारा गोळा, यकृताला अजून न शिवलेला. जठराच्या तुकड्यासकट तो काढला. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं नाव ठरलं, सार्कोमा, मांसातून उठणारा दुर्मिळ गोळा. दाजींनी ते नाव मला इतक्या कौतुकानं सांगितलं, जणू पुतण्याचं बारसं झालं. "भल्याभल्या डॉक्टरांना जन्मात बगायला मिळत न्हाय, मेव्हणं. आन् आपल्या घरात निघाला!" गोळा त्यांनी साहेबांकडून मागून घेतला आणि औषधाच्या पाण्यात घालून बरणीत भरून निपाणीला नेला. दवाखान्याच्या कपाटात तो मधल्या फळीवर विराजमान झाला. आक्कानं अबोला धरला. "माझ्या भावाचं पोट लोणच्यागत भरून ठेवलंय, आन् येईल त्याला दाखवत्यात!" खंडेनवमीला दाजींनी हत्यारांबरोबर बरणीलाही हळदकुंकू लावलं, तेव्हा मी समोर होतो. स्वतःला हात जोडण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येत असेल.

हा गोळा परत येऊ शकतो, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून दर वर्षी मी निपाणीला जाई, दाजी हात शेकत, व्रणाभोवती चाचपत आणि हिरमुसल्या आवाजात म्हणत, "काय न्हाय." त्या हिरमुसलेपणावर माझं वर्ष निघे. पुढे पुढे त्यांना शेगडीपाशी फार वेळ लागू लागला. बोटांच्या पेरांवर भाजल्याचे डाग दिसत. म्हातारपणचा निष्काळजीपणा, असं मी समजलो. याच सुमारास त्यांनी नवी टूम काढली: दर उन्हाळ्यात आंब्यांची करंडी घेऊन मी मिरजेला सर्जनसाहेबांकडे जायचं. "जीव वाचवला त्यांनी, आंबं द्यायला पाय दुखत्यात व्हय?" लढाईच्या दिवसांत गाड्या खच्चून भरलेल्या, त्यात मांडीवर करंडी. साहेब आंबे घेत आणि दर वेळी म्हणत, "आलाच आहात तर पडा जरा." पुन्हा तो थंड हात. शहापूरच्या कट्ट्यावर मी याची नक्कल करून दाखवत असे. न बोलणारा मी या एका विषयावर खुलत असे, आणि दाजींचा आंबेवाला म्हणून लोक मला चिडवत.

दाजी गेल्या थंडीत गेले. साखरेचा रोग त्यांना कधीपासूनच होता. दिवसकार्य झाल्यावर आक्का आणि मी चुलीपुढं बसलो होतो. ती कणीक मळत होती. मी सहज विचारलं, "शेवटपर्यंत खेळायचे का गं हरभऱ्याचा खेळ?"

"हरभरा कुठला," ती म्हणाली. "हरभऱ्याचा चिंचोका झाला, चिंचोक्याची सुपारी झाली. ती बी सापडंना. साखरेनं बोटं मेलती रं त्यांची. निखारा लागला तरी कळायचं न्हाय. शेवटी मीच म्हनायची, ह्यो न्हवं, शेजारचा बगा."

"मग माझं पोट?"

"म्हणून तर आंबं," ती म्हणाली. "त्येच साहेबाला जाऊन सांगून आलते, की माझ्या बोटांचा भरवसा न्हाय, दर साली मेव्हणा आंबं घिऊन येईल, त्याला तपासल्याबिगर सोडू नगा. तुला सांगितलं असतं तर तू गेला असतास व्हय?"

नसतो गेलो. दाजींना माझं जेवणच नव्हे, माझा स्वभावही पाठ होता.

या उन्हाळ्यात मला कुणी धाडलं नाही. करंडी मीच भरली आणि मिरजेला गेलो. साहेब थकलेत आता. त्यांनी आंबे घेतले आणि म्हणाले, "पडा जरा." मी सदरा वर केला. त्यांचा हात जवळ आला तेव्हा माझ्या तोंडून शब्द गेले, "साहेब, हात जरा शेकून घेता?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही तळवे एकमेकांवर चोळू लागले, बराच वेळ. नंतर सावकाश सगळं पोट चाचपून ते म्हणाले, "काही नाही."

बातमी चांगलीच होती. पण ती सांगताना ते जरासुद्धा हिरमुसले नाहीत.