घट्ट बांगड्या

बांगड्या भरायला हात पुढे केला की वहिनी आपणहून अंगठा तळव्यात दुमडून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "घट्ट भर गं. ढिली नको." बाकीच्या बायका हात ताठ धरतात आणि मग दुखलं म्हणून मलाच बोलतात.

वहिनींचे साहेब मंत्री होते. गंगापूर रोडला बंगला, दारात गाड्या. मी कासारीण, चौथी शिकलेली. नाशकातल्या निम्म्या बायकांची मापं मला पाठ. वहिनींचं माप अडीच. देवळ्याकडे माहेरी कांदे काढलेला हात तो, बंगल्यात येऊनही मऊ पडला नाही. भरून झालं की पार्टीच्या बायकांसमोर माझ्या पाया पडायच्या.

त्या निवडणुकीच्या आधी अडीचच्या बांगड्या हातातून सरळ निसटल्या. सव्वादोनच्या काढल्या, त्या बसल्या.

"काय होतंय, वहिनी?"

त्यांनी दार लोटलं. "छातीत गाठ हाय. डॉक्टरीण म्हणते, मुंबईला जाऊन लगेच काढा."

"मग थांबलात कशाला?"

"मी गेले तर साहेब प्रचार सोडून मागे येतील. सीट जाईल. मतदान होऊ दे. आणि तू कुठं बोललीस तर या घराची पायरी चढायची नाय."

तेवढ्यात साहेबच आत आले. "आवरा, लासलगावला सभा आहे." मग मला म्हणाले, "काय बाई, आमची मंडळी बारीक दिसते ना?"

वहिनींनी माझं बोट दाबून धरलं. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. माझ्या तोंडाशी आलंही होतं.

"उन्हात फिरतात ना, साहेब," मी म्हणाले.

साहेब निवडून आले. मिरवणुकीत वहिनी उघड्या जीपमधून हात हलवत होत्या. बांगड्या मनगटावरून हलल्या नाहीत. माझं काम चोख होतं.

मग मुंबई झाली. उशीर झाला म्हणाले. चाळिशीसुद्धा गाठली नाही बाईनं.

नवऱ्याच्या आधी, अहेव गेल्या, म्हणून हिरवा चुडा भरायला मला बोलावणं आलं. मी लहान मुलींच्या मापाच्या घेऊन गेले. साहेब उशाशी बसले होते. बांगड्या बघून चिडले.

"या पोरींच्या आहेत. ती अडीचच्या घालते."

"निवडणुकीपासून नाही, साहेब."

त्यांनी वर पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

मी वहिनींचा हात उचलून घेतला. या वेळी अंगठा मला दुमडावा लागला.

घट्टच भरल्या.