भाग न जाणारी संख्या

कोल्हापुरात नवी चप्पल चावते, याचं कुणाला काही वाटत नाही. तेल लावायचं, चावू द्यायची, आठवड्यात ती पायाला बसते. माझ्या वडिलांनी, आबांनीही तेच केलं. पण मधुमेहानं त्यांच्या पायांना कळ कळेनाशी झाली होती. करंगळी काळी पडेपर्यंत ते त्याच चपलेतून रोज सकाळी गवळ्याच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जात राहिले.

डॉक्टर म्हणाले, करंगळी काढावी लागेल, आणि लगेच, नाहीतर जखम वर चढेल. आबा सही करायला तयार होईनात.

"आज करंगळी, उद्या पाऊल, परवा गुडघा. तुकड्या-तुकड्यानं जगायचं न्हाय मला. घरला चल."

मी चिडले, मग रडले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी शाळेत गणित शिकवते. तो नाद आबांनीच लावला. कसबा बावड्यात घरासमोरून उसाचे ट्रॅक्टर जायचे, तेव्हा ते नंबराकडे बोट दाखवून विचारायचे, "ह्याला कशानं भाग जातोय, सांग." कशानंच भाग जात नसेल, तर स्वारी खूश. "ह्यो पैलवान हाय," म्हणायचे.

त्या दुपारी बोलण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून वर्गासाठी शोधून ठेवलेली एक संख्या मी पेपरच्या कडेला लिहिली आणि त्यांच्यापुढे धरली. ७३९३९१३३. सात कोटींच्या वरची.

"हा पैलवान," मी म्हटलं. "आता उजवीकडचा शेवटचा आकडा खोडा."

त्यांनी नाखुशीनंच खोडला. उरलेल्या संख्येलाही कशानं भाग जात नव्हता; मी मोबाइलवर भागून दाखवलं. आणखी एक खोडला. तरी पैलवानच. आबा उठून बसले. सातशे एकोणचाळीसवर आल्यावर त्यांनी मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि साताने, अकराने, तेराने, पार तेविसापर्यंत तोंडी भागून पाहिलं.

"न्हाय जात की."

मग राहिले त्र्याहत्तर. मग नुसते सात.

मी त्यांना पुढचं सांगितलं. पहिल्या, आठ आकडी संख्येला उजवीकडे कुठलाही आकडा जोडा, भाग जातोच. या जातीतली सगळ्यात मोठी संख्या हीच. तिला वाढता येत नाही, फक्त घटता येतं, आणि घटताना ती कुठंच फुटत नाही. आकडे मांडले माणसानं, पण हे काही त्यानं ठरवलेलं नाही.

आबांनी कागद जवळ ओढला. "कुणी केलं म्हणायचं हे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

संध्याकाळी त्यांनी सही केली.

जखम भरल्यावर मी त्यांना कट्ट्यावर घेऊन गेले. पायात मऊ बूट, हात माझ्या खांद्यावर. गवळी धार काढता काढता म्हणाला, "आबा, बोट गेलं म्हणं?"

"गेलं की," आबा म्हणाले. "पर भाग जात न्हाय अजून."

गवळ्याला काही कळलं नाही. त्यानं फेसाळ पेला पुढं केला. मी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, कारण आबांकडे बघण्याची माझी ताकद नव्हती.