खाली बसणारे फिटरकाका

आमच्या शेजारचे फिटरकाका कोणाकडे गेले तरी खुर्चीवर बसत नसत. फरशीवर बसत आणि बराच वेळ नुसतं बघत. अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. "मशीन बोलत नाही. बाजूला बसून राहिलं की कळतं," म्हणायचे.

आम्ही तेव्हा बदलापूरला, कुळगावात राहत होतो. घराण्यातली पहिली पदवीधर मी, उल्हासनगरच्या एका कचेरीत कारकून. माझी मनू अडीच वर्षांची झाली तरी संडासात बसत नव्हती. दाराशी नेलं की आकांत, आणि बाहेर आणलं की चड्डीत. बालवाडीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "महिन्याभरात सवय लावा, नाहीतर घेता येणार नाही." घरी सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे नोकरी सोडायची. मी समजावलं, ओरडले, एके संध्याकाळी फटकाही दिला. तो भिंतीपलीकडे ऐकू गेला असावा.

रविवारी काका आले आणि मनूशेजारी संडासाच्या दारात उकिडवे बसले.

"काय मालकीणबाई, काय तक्रार आहे?"

मनूनं भोकाकडे बोट दाखवलं. "मी आत पडेन."

काका माझ्याकडे वळले. "पोरी, पाय ठेवायच्या जागा आपल्या मापाच्या आहेत. हिचे पाय पुरतात का? तिचं काय चुकलं?"

इतके दिवस मी दारात उभी राहूनच ओरडत होते.

त्यांनी लहान भोकाचा लाकडी पाट करून आणला. ओल्या लाकडावर मनूचा पाय घसरला. मग तिनं त्यावर बाहुली झोपवली. मी कपाळाला हात लावला. काका म्हणाले, "मालकीणबाईंनी पास नाही केला. दुसरा करू." दुसऱ्या पाटावर सायकलच्या ट्यूबचं रबर होतं, पुढे धरायला दांडा. चार दिवसांनी मनू दांडा धरून आपली आपण बसली. माझी नोकरी राहिली. ओरडण्यापेक्षा खाली बसून बघणं जास्त दमवतं, हेही मला तेव्हाच कळलं.

काही वर्षांनी काकांचं डावं अंग लुळं पडलं. कचेरीतून परतताना मी भेटायला गेले, तर चादरीवर चहा सांडलेला. सून थकून गेली होती. "रोजचंच आहे हो. ऐकतच नाहीत."

माझेही पाय दुखत होते. तरी फरशीवर बसले, उशीच्या उंचीला डोकं नेलं. कपाचं स्टूल त्यांच्या डाव्या हाताला होतं. ते उचलून उजवीकडे ठेवलं.

काकांची जीभ जड झाली होती. त्यांनी हात लांबवून कप धरला, सावकाश ओठांना लावला, आणि परत ठेवला.

"पास," म्हणाले.