डाव्या हाताला पेलेल असा रॉड

गाडीवरून पडले आणि माझा उजवा खांदा कायमचा अधू झाला. कोपराखालचा हात चाले, पण वर उचलता येईना. घरी बसून मी मोबाइलवर ओढ्यात उभं राहून पिसांच्या खोट्या माशीनं मासे धरणारी माणसं बघत राहायची. एक दिवस नवऱ्याला म्हटलं, "मले बी हे कराचं हाय."

तो हसला. "मासे बाजारातून आनतो ना. अशा हातानं काय धरशीन तू?"

मी चप्पल घातली आणि निघाले.

नांदुऱ्याच्या बाजारात जाळी आणि गळ विकणाऱ्या चाचांकडे मोबाइलवर दिसायचे तसे दोन रॉड होते. मालासोबत चुकून आलेले, कुणी न विचारलेले. चाचांनी नऊ फुटी जाडा रॉड काढला, वर भलंमोठं रीळ ठेवलं.

"हा न्या बाई. मजबूत हाय. साहेबांच्या कामी पडीन."

"साहेबांले नाही, मले पाह्यजे."

चाचांची नजर माझ्या खांद्यावर गेली. मी दोन्ही रॉड डाव्या हातात हलवून पाहिले. नऊ फुटीनं मनगट लगेच भरून आलं. दुसरा सात फुटी, काडीसारखा हलका, झटका दिला की मधोमध वाकायचा.

"तो धरनावर नाही चालनार," चाचा म्हणाले.

"धरनावर कोन जाऊन राह्यलं? मी ज्ञानगंगा नदीच्या धारेत उभी राहीन. अन् रीळ ल्हान द्या. दोरी गुंडाळाचीच तं हाय. त्याची मूठ उजवीकडे लावून द्या."

चाचांनी पेचकस काढला आणि मूठ उजवीकडे बसवली.

दोरीला कापसाचा बोळा बांधून मी तिथेच रस्त्यावर फेकून पाहिलं. पहिल्यांदा दोरी शेजारच्या दुकानाच्या ताडपत्रीत अडकली. माणसं जमली, हसली. मी ती सोडवली आणि पुन्हा फेकली. तिसऱ्यांदा दोरी सरळ गेली. तेव्हाच रॉड घेतला.

तीन रविवार नदीत काहीच लागलं नाही. काठावरून कुणीतरी ओरडे, "मासे पिसं खातेत काय वो?" मी वळून पाहत नसे.

चौथ्या रविवारी नवराही आला, बहुतेक मला परत न्यायला. त्याच्यासमोरच रॉड वाकला. उजव्या हातानं हळूहळू दोरी ओढत मी वीतभर चंदेरी मासा जवळ आणला, गळ काढला आणि त्याला पाण्यात सोडून दिलं.

"सोडला काऊन?"

"माह्या मनानं."

मग त्यानं हात पुढे केला, एकदा फेकून बघू दे म्हणून. मी रॉड दिला नाही.