अडीच किलोचं गाव

उपकेंद्राच्या दारात चपला काढायच्या आधीच बाई खांद्यावरची पिशवी खाली टेकवायच्या आणि आतून आवाज यायचा, ठण्ण. पिशवीत एक किलोचं लोखंडी वजन असायचं. वाण्याच्या दुकानात असतं तसलंच, फक्त त्याला तारेची कडी बांधलेली. बाळांच्या वजनकाट्याच्या हुकाला ते अडकवायचं, डोळे बारीक करून काटा वाचायचा आणि मग आमच्याकडे न बघताच म्हणायचं, "आधी काट्याला विचारू, मग तुला."

'तुला' म्हणजे मला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. पिंपळनेरच्या पुढे सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात मी उपकेंद्राची नर्स होते आणि आमच्यासारख्या आठ जणींवर देखरेख करायला या बाई होत्या. आमच्यासाठी बाई आणि गावच्या बायकांसाठी अक्का. पन्नाशीच्या आसपास वय, काटक अंग, पदर कमरेला खोचलेला. चालायला लागल्या की बरोबरीच्या माणसाला धावावं लागे. खुर्ची दिली तर खुर्चीवर पिशवी ठेवत आणि स्वतः उभ्या राहत. चहासुद्धा उभ्यानंच, अर्धा. उरलेला अर्धा कप गार होईपर्यंत त्या कपाट उघडून बसलेल्या, म्हणजे उभ्या राहिलेल्या असायच्या.

घर धुळ्याला, देवपुरात. शनिवारी संध्याकाळी जायच्या आणि सोमवारी पहिल्या एसटीनं हजर. एवढ्या वेळात घरच्यांना त्या नीट दिसल्या तरी असतील का, अशी आम्हाला शंका होती. एकदा कंडक्टरनं पिशवी उचलून बाजूला ठेवायला घेतली आणि त्याचा खांदाच खाली गेला. "अक्का, सोनं शे का काय यामा?" त्यानं विचारलं. "सोनं असतं तर तुझ्या गाडीत उभी राहिले असते का?" बाई म्हणाल्या. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. त्यांच्या अंगात कुणीतरी चावी देऊन ठेवलेली असते, आणि आपण जवळ गेलो की आपल्यालाही स्वस्थ बसवत नाही. मला सुरुवातीला त्यांचा भयंकर राग यायचा.

पहिल्याच भेटीत त्यांनी माझं जन्मांचं रजिस्टर उघडलं. वजनाच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेलं. अडीच, अडीच, अडीच. मधेच एखादं पावणेतीन, तेही मी शोभेसाठी टाकलेलं. पान उलटून पुढचंही पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझ्या गावात पोरं जन्माला येतात की विटांसारखी साच्यातून निघतात?"

मला हसू आलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखंही झालं. पण खरं सांगते, ती काही माझी एकटीची युक्ती नव्हती. माझ्या आधीच्या नर्सनं अडीच लिहिलं होतं, शेजारच्या गावात अडीच होतं, पार डोंगरापर्यंत अडीचच होतं. अडीचच्या खाली लिहिलं की ते बाळ 'कमी वजनाचं'. मग त्याचा वेगळा कागद, त्याच्या घरी दर दोन दिवसांनी पायी फेऱ्या आणि वर सभेत उलटतपासणी. बाळंतपणं घरी सुइणीच्या हातची. आपण पोचेपर्यंत बाळ गुंडाळून ठेवलेलं, सासू दारात बसलेली. काटा माझ्या कपाटात होता, पण कागदाच्या वेष्टनातून बाहेर आलेला नव्हता.

"काढ तो," बाई म्हणाल्या. "आणि चल. कोण बाळंतीण आहे सध्या?"

गावाच्या खालच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या घरी आदल्याच दिवशी मुलगी झाली होती. दारात तिची आजी. उंच, जाडजूड, कपाळावर मोठं गोंदण असलेली. बाईंनी झोळीचा काटा काढला तशी आजी उठून उभीच राहिली.

"पोरले कोनी तोलस का? वांगं शे का ते? नजर लागी जाई!"

मी मागे सरकले. माझा स्वभावच तसा, कोणी आवाज चढवला की मी त्याच्या बाजूची. बाई मात्र ओट्यावर चढल्या. "नवस केलाय का हो काही, नातवंडासाठी?" त्यांनी विचारलं.

आजी जरा नरमली. केला होता. गुळाची तुला, देवीला.

"मग? नातीच्या भारंभार गूळ द्यायचा म्हणता आणि नात केवढी ते माहीत नको? देवीला कमी पडला तर?"

आजीनं विचार केला. तिच्या तोंडावर तो विचार चालताना दिसत होता. मग ती आत गेली, बाळ घेऊन आली आणि म्हणाली, "देख मंग. गूय कितला लागी?"

एक किलो सातशे. बाईंचा चेहरा पडला, पण आवाज बदलला नाही. गूळ थोडाच लागेल आता, त्या म्हणाल्या, आपण दोघी मिळून वाढवू. आणि त्यांनी तिथंच, त्या ओट्यावर, मला आणि आजीला एकत्र शिकवलं. आंघोळ आत्ता नाही. पहिलं दूध पिळून टाकायचं नाही, तेच पाजायचं. ओढता येत नसेल तर वाटीत काढून चमच्यानं, थेंबाथेंबानं. आणि मुख्य म्हणजे ऊब. पोर नुसतं गोधडीत ठेवायचं नाही. टोपरं आणि लंगोट तेवढा ठेवून आईच्या उघड्या छातीशी धरायचं, वरून लुगडं आणि पांघरूण. आई दमली की आजीनं.

"मी?" आजी म्हणाली.

"तुमच्याएवढी ऊब या घरात कुणाला आहे?" बाई म्हणाल्या. घरातल्या सुना तोंडाला पदर लावून हसल्या. आजीही हसली आणि तिनं पोर चोळीत घेतलं.

पुढचे दीड महिने मी त्या घरी फेऱ्या मारल्या. आधी रोज, मग एकाआड एक दिवस, नंतर आठवड्याला. दर मंगळवारी वजन, ते दीड महिन्यांनंतरही सुरूच राहिलं. पहिल्या आठवड्यात मुलगी उलट पन्नास ग्रॅमनं उतरली तेव्हा मला रडू फुटलं आणि बाई माझ्यावर खेकसल्या, "उतरतं गं पहिल्यांदा! काटा नसता तर हे तरी तुला कसं कळलं असतं, सांग?" ते खरंच होतं. मग ती चढायला लागली. आजी मला लांबून पाहिलं की ओरडायची, "आज कितलं?" आणि आकडा ऐकून गल्लीतल्या सगळ्या बायांना सांगत सुटायची. वजनकाट्यानं नजर लागते म्हणणारी हीच आजी इतरांच्या घरात शिरून लेकरं काट्याला लावायला काढून द्यायला लागली. मला माझं काम पहिल्यांदा आवडायला लागलं होतं. पण स्वस्थता गेली ती गेलीच. जेवताना मधेच आठवायचं, खालच्या गल्लीतली ओली बाळंतीण कालपासून पाहिलेली नाही.

बाईंनी आठही जणींच्या मागे असाच भुंगा लावला. सहा महिन्यांत आमच्या रजिस्टरांमधून अडीच जवळजवळ नाहीसं झालं. त्याच्या जागी आलं एक नऊशे, दोन शंभर, दोन तीनशे. गरोदर बायका केवढ्या वाळलेल्या होत्या, हे आम्ही रोज बघत होतो, पण ते आता कागदावर दिसायला लागलं. आणि इथंच सगळं बिनसलं.

मासिक सभेत वरचे साहेब आले होते. सज्जन माणूस, पण आकड्यांची घाई असलेला. त्यांनी आमच्या भागाचा तक्ता वर धरला आणि म्हणाले, "गेल्या वर्षी इथली मुलं ठणठणीत होती. बाई, तुम्ही आलात आणि मुलं रोडावली?" सभा हसली.

"मुलं तीच आहेत साहेब," बाई म्हणाल्या. त्या अर्थातच उभ्या होत्या. "आता ती काट्यावर चढतात एवढंच."

"आणि काटेच बिघडलेले असतील तर? मला हे वर पाठवायचंय."

"प्रत्येक काटा मी स्वतः तपासलाय. या मुलींना विचारा."

मी पुढच्याच बाकावर होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आता तुम्हाला हे सांगितलंच पाहिजे, की माझा नवरा जळगावला नोकरीला होता, लग्नाला तीन वर्षं होऊन आमचा संसार एसटीच्या वेळापत्रकावर चालला होता, आणि जळगावच्या बदलीसाठीचा माझा अर्ज याच साहेबांच्या शिफारशीसाठी पडून होता. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. माझा काटा चोख होता. बाईंनी लोखंडी वजन लावून तो माझ्यासमोर चारदा तपासला होता.

"काटा... जरा ढिला असावा, साहेब," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांनी मान हलवली, काहीतरी टिपून घेतलं आणि सभा पुढच्या विषयाकडे गेली.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. मी बोलणी खायला तयार होते, खरं म्हणजे मला ती हवीच होती. बाईंनी पिशवीतून डबा काढला, अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा माझ्या हातावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "उद्या मंगळवार आहे. आजीच्या नातीचं वजन घ्यायला विसरू नकोस." ती भाकरी मी तशीच रुमालात बांधून घेतली.

आठवड्याभरात पत्र आलं. सगळ्या उपकेंद्रांचे काटे दुरुस्तीसाठी जमा करावेत. आठ काटे एका पोत्यात भरून गेले आणि परत आले नाहीत. त्यानंतर दुसरं पत्र आलं ते बदलीचं. बदली मागितली मी, आणि झाली बाईंची. नरडाण्याच्या बाजूला, प्रशासकीय कारणास्तव.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे येऊन गेल्या. भिंतीवरचा काट्याचा रिकामा खिळा पाहिला. रजिस्टर मागितलं. गेल्या पंधरवड्यातली चार नावं होती, आणि चौघांपुढे मी जे लिहायचं ते लिहिलं होतं. काटाच नव्हता, मी तरी काय करणार, हे वाक्य मी रात्रभर पाठ करून ठेवलं होतं. पण त्यांनी विचारलंच नाही. पानाखाली सही केली, तारीख टाकली, रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं आणि निघाल्या. मी फाटकापर्यंत मागे गेले. "तब्येत सांभाळ," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्या हळू चालत होत्या. नंतर आमची कधी गाठ पडली नाही. पत्र लिहायला मी अनेकदा बसले, पण पहिल्या ओळीच्या पुढे गेले नाही.

महिन्याभरानं मी त्या आजीच्या घरी गेले. तिची नात आता मांडीवर मावत नव्हती. गूळ वाहून झाला होता, त्याचा खडा तिनं माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाली, थांब, आणि शेजारच्या घरातून एक गुंडाळलेलं पोर घेऊन आली.

"हाई बी बारीक शे. दूध वढत नही. अक्काले बलाव."

"अक्कांची बदली झाली, आजी."

"कोनी करी?"

मी म्हणाले, "सरकारनं."

"सरकारले तिना काय तरास व्हता?" तिनं विचारलं. मी गुळाचा खडा रुमालात बांधायला लागले. मग तिनं ते पोर माझ्यापुढे धरलं.

"मंग तूच देख."

या पोराचं नाव मी आदल्याच आठवड्यात रजिस्टरात चढवलं होतं, उंबऱ्याबाहेरूनच. पुढच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी ते हातात घेतलं. चिंध्यांसकट ते इतकं हलकं होतं, की माझे हात आपोआप वर गेले. पाय गार, ओठ सुकलेले, डोळे मिटलेले. त्याच्या आईला बोलवा, मी म्हणाले. आजीच्या त्या अंधाऱ्या घरात भिंतीला टेकून बसले, पोलक्याची बटणं काढली आणि त्याची आई येईपर्यंत ते पोर माझ्याच छातीशी धरून ठेवलं.